बर्फाचं ओझं आणि ऊन पाण्याची गावकी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



बर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? सिनेमातलं काश्मीर, लोकरी टोप्या, उतारावरून घसरत जाणारे नायक-नायिका. आम्ही कवी मंडळी तर आणखी पुढची. उभ्या आयुष्यात बर्फ पाहिलेला असतो तो सरबताच्या गाडीवरचा, पण कवितेत त्याच्या शुभ्रतेचे नि शांततेचे दाखले देऊन मोकळे होतो. जपानमधल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं असल्या रसिकतेचा कान १८३७ सालीच उपटला होता. त्याचं नाव सुझुकी बोकुशी.

बोकुशी (१७७० ते १८४२) हा शिओझावा गावचा. जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम अंगाला एचिगो नावाचा प्रांत होता, म्हणजे आजचा निइगाता. तिथलं हे डोंगराच्या कुशीतलं गाव. तरुणपणी कापड विकायला तो एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेला. तिथं त्याच्या ध्यानात आलं की, आपल्या गावात हिवाळ्यात काय होतं याची या मोठ्या शहरातल्या लोकांना गंधवार्ताही नाही. मग त्यानं टिपणं काढायला सुरुवात केली, चित्रं काढली. पुस्तक छापून यावं म्हणून नामवंत लेखकांचे उंबरे झिजवले. बाकिन नावाच्या त्या काळच्या फार मोठ्या कादंबरीकारानं काम अंगावर घेतलं नि वर्षानुवर्षं तसंच ठेवून दिलं. शेवटी सान्तो क्योझान या दुसऱ्या लेखकाच्या मदतीनं 'होकुएत्सु सेप्पु' या नावाचा पहिला भाग निघाला, तेव्हा बोकुशी सत्तरीकडे झुकला होता. पहिल्या टिपणापासून छापील पानापर्यंत चाळीसेक वर्षं गेली. आपल्याकडच्या नवोदित कवींनी हे ऐकून धीर धरावा!

त्या पुस्तकात बोकुशीचं म्हणणं साधं आहे. तुमच्या शहरात चार बोटं बर्फ पडतो, तुम्ही मद्याचा पेला हातात घेऊन त्याच्यावर कविता करता. आमच्याकडे तो छपरावर चढतो. त्या मुलखात बर्फ झाडत नाहीत, 'खणतात'. तिथला शब्दच तसा आहे. छपरावरचा बर्फ दर काही दिवसांनी उतरवला नाही, तर घर खाली बसतं. उतरवलेला बर्फ अंगणात साठत साठत खिडक्या बुजवतो, आणि मग भर दिवसा घरात दिवा लागतो. बोकुशीनं एका तरुण जोडप्याची हकिगत दिली आहे. लहानग्याला घेऊन दोघं बायकोच्या माहेरी निघाली. निघताना आभाळ स्वच्छ होतं. वाटेत वादळानं गाठलं. दुसऱ्या दिवशी लोकांना दोघांची प्रेतं सापडली, आणि आईच्या छातीशी धरलेलं मूल जिवंत होतं. हे वाचल्यावर पुढं बराच काळ बर्फावर कविता लिहिण्याचं धाडस होत नाही.

तरी बर्फानं या लोकांना एक गोष्ट दिली होती. हिवाळ्यात बाहेर काही करता येत नसे, म्हणून घरोघरच्या बायका मागावर बसत. बर्फामुळे हवा ओलसर राही, आणि त्या ओलाव्यात रामीच्या झाडाचा बारीक धागा तुटत नसे. विणलेलं कापड हिवाळा सरता सरता उन्हात, बर्फावरच पसरायचं. बर्फाच्या पांढऱ्या चादरीवर कापडाला पांढरेपण येई. हे कापड सरदार-सामुराई उन्हाळ्यात अंगावर घालत. तिथल्या या विणकामाला २००९ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

आज त्याच मुलखात तोक्योहून झटपट रेल्वेनं सव्वा-दीड तासात जाता येतं. लोक बर्फासाठीच जातात. दिवसभर पायाला पट्ट्या बांधून उतारावरून घसरतात, संध्याकाळी गरम झऱ्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसून अंग शेकतात, आणि त्याचे चांगले पैसे मोजतात. ज्या बर्फानं माणसं मारली तो बर्फ विकाऊ कसा झाला, आणि विक्रीचे पैसे कुणाच्या पदरात पडले, हे आज सांगायचं आहे.

आधी थोडा भूगोल. नागानो आणि निइगाता हा भाग काही उत्तर ध्रुवाजवळ नाही. तो साधारण ३७ अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्या श्रीनगरच्या जरासा उत्तरेला. पण हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडा थंड वारा निघतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो आणि त्यातून दक्षिणेकडचा उबदार प्रवाह वाहत असतो. वारा त्यावरून येताना पाणी पिऊन घेतो, समोर डोंगर आडवे आले की सगळं बर्फाच्या रूपानं टाकून देतो, आणि हलका होऊन तोक्योकडे जातो. म्हणून तोक्योत हिवाळ्यात लख्ख ऊन असतं आणि डोंगराच्या अलीकडे माणूस बुडेल इतका बर्फ. आपल्या सह्याद्रीचं पावसाच्या बाबतीत जे काम, तेच तिथल्या डोंगरांचं बर्फाच्या बाबतीत. आणि हे डोंगर ज्वालामुखींच्या मुलखातले, त्यामुळे पोटात आग. जपानमध्ये गरम पाण्याचे सुमारे २७ हजार उगम मोजले गेले आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं किंवा कोकणातली उन्हवरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी कल्पना करावी, की तशी कुंडं एकेका खोऱ्यात दहा-वीस, आणि बाहेर आठ-दहा फूट बर्फ.

या गरम झऱ्यांना जपानी भाषेत ओनसेन म्हणतात. शेतकऱ्याचा त्यांच्याशी जुना संबंध. कापणी उरकली की तांदूळ, मिसो, भांडीकुंडी पाठीला बांधून माणसं झऱ्याकाठच्या खोल्यांत येऊन राहत. आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे. हातानं रांधून खायचं, दिवसातून चार वेळा पाण्यात उतरायचं, वर्षभर चिखलात वाकलेली कंबर सरळ करायची. याला चैन म्हणत नसत. तो औषधोपचार होता, आणि गरिबाचा औषधोपचार होता.

नागानोतलं नोझावा ओनसेन हे असंच एक गाव. आज वस्ती सुमारे साडेतीन हजार. झरा कसा सापडला याच्या कथा अर्थातच आहेत. एका कथेत साधू आहे, दुसरीत शिकाऱ्यानं जखमी केलेलं अस्वल. शिकारी रक्ताच्या माग्यावर गेला तर अस्वल गरम पाण्यात पंजा धरून बसलेलं! त्या जागेवरच्या न्हाणीघराला अजून 'अस्वलानं पंजा धुतला ते न्हाणीघर' याच अर्थाचं नाव आहे. गावात एक उगम असा आहे की, त्याचं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं. तिथं अंघोळ करायची नसते, रांधायचं असतं. गावच्या बाया टोपल्यांतून भाजी, अंडी, रानातले कोंब आणून त्या पाण्यात सोडतात. बाहेरच्या माणसाला कठड्याच्या आत पाय टाकायची परवानगी नाही. तो काठावर उभा राहून बघू शकतो. ही मनाई ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता बर्फाची दुसरी बाजू. १९०२ सालचा जानेवारी. रशियाशी युद्ध होणार हे जपानच्या लष्कराला दिसत होतं, आणि युद्ध झालं तर ते बर्फात होणार हेही. तेव्हा उत्तरेकडच्या आओमोरी शहरातून २१० सैनिकांची एक तुकडी हाक्कोदा पर्वताच्या बाजूनं सरावासाठी निघाली. मुक्कामाचं ठिकाण होतं ताशिरो नावाचा गरम पाण्याचा झरा. अंतर जेमतेम २० किलोमीटर. एका रात्रीचा मुक्काम, गरम पाण्यात अंघोळ, सकाळी परत, असा बेत. काही जणांच्या डोक्यात तर ही सहलच होती. वाटेतल्या गावकऱ्यांनी वाटाड्या देऊ केला, तो अधिकाऱ्यांनी नाकारला, असं सांगतात. संध्याकाळी वादळ आलं. झरा फार लांब नव्हता, पण सापडेना. मग रात्र बर्फात खड्डा खणून काढली, पहाटेआधीच परत फिरले, वाट चुकले, पुन्हा त्याच जागी आले. त्याच दिवसांत, २५ जानेवारीला, आणखी उत्तरेच्या आसाहिकावाला उणे ४१ अंश तापमानाची नोंद झाली. जपानमधला तो नीचांक आजही मोडलेला नाही. शोध घेणाऱ्यांना पहिला सापडला तो गोतो नावाचा एक हवालदार, कमरेएवढ्या बर्फात उभ्याउभ्या गोठलेला, पण जिवंत. २१०पैकी १९९ जण मेले.

त्याच दिवसांत हिरोसाकीहून दुसरी एक छोटी तुकडी, चाळिसाच्याही आतली, त्याच पर्वताला फेरी घालायला निघाली होती. त्यांनी गावोगावचे वाटाडे बरोबर घेतले. ती सगळी माणसं अकरा दिवसांनी परत आली. वाटाड्यांना मात्र फार वाईट वागवलं गेलं, अशी नोंद आहे. त्यांची नावं बरीच वर्षं कुणाला ठाऊकही नव्हती.

युद्ध झालं, १९०५मध्ये जपान जिंकला आणि युरोपातले लष्करी अधिकारी या नव्या विजेत्याचा अभ्यास करायला येऊ लागले. त्यांत ऑस्ट्रिया-हंगेरीचा थिओडोर फॉन लेर्ख नावाचा मेजर होता. त्याला आल्प्सच्या उतारांवर स्की चालवायचा नाद. १९१० संपता संपता तो आला आणि त्याची नेमणूक झाली निइगातातल्या ताकादा गावच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे बोकुशीच्याच बर्फाळ मुलखात. तिथले प्रमुख जनरल नागाओका गाइशी. हे गृहस्थ आपल्या मिशांसाठी देशभर प्रसिद्ध होते. विमानाच्या पंख्यासारख्या, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना लांबवर गेलेल्या मिशा! पण मिशांइतकीच दूरदृष्टीही होती. पाहुणा आपल्याला बघायला आला आहे, तर आपणही त्याच्याकडून काही शिकून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. १२ जानेवारी १९११ला लेर्खनं ताकादाच्या सैनिकांना पहिला धडा दिला. हातात दोन नव्हे तर एकच लांब काठी, कारण त्याच्या गुरूची पद्धत तशी होती. हा दिवस जपानमध्ये आजही स्कीचा दिवस म्हणून ओळखला जातो.

नागाओकांनी हे शिक्षण लष्करात कोंडून ठेवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. शाळामास्तर, टपालवाले, गावातले उत्साही तरुण यांनाही शिकू दिलं. बर्फाच्या मुलखात हिवाळ्यात डॉक्टर पोचत नाही, पत्र पोचत नाही. त्यांना ही पायाची नवी वाहनं उपयोगाची होती. शेजारच्या इइयामा गावातल्या एका बौद्ध मठाच्या भिक्षूनं हे तंत्र उचललं आणि नागानोत आणलं. इइयामापासून नोझावा हाकेच्या अंतरावर. नोझावात १९२३ साली तरुणांनी स्की क्लब काढला. गावाचं नाव ओनसेनसाठी होतंच. पण पाहुणे येत ते बर्फ वितळल्यावर किंवा पडण्याआधी. ऐन हिवाळ्यात गाव बंद. आता तरुणांना वाटलं की, हिवाळ्यातही पाहुणे आणता येतील.

१९३० साली हानेस श्नायडर जपानला आला. स्कीच्या दुनियेत हे नाव फार मोठं. ऑस्ट्रियातल्या सांक्ट आन्टोनचा हा मास्तर, सिनेमांतून जगभर पोचलेला. तो नोझावालाही आला. त्यानं ज्या उतारावर प्रात्यक्षिक दाखवलं त्या उताराला गावानं त्याचंच नाव दिलं, आणि पुढं १९७१मध्ये दोन्ही गावं एकमेकांची भगिनी-गावं झाली. श्नायडरचं पुढचं आयुष्य वेगळ्याच वाटेनं गेलं. १९३८मध्ये ऑस्ट्रियात नाझी आले, त्यांनी त्याला पकडून ठेवलं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला आणि तिथंच राहिला. नोझावातला तो उतार मात्र त्याच्याच नावाचा राहिला, याचं मला अप्रूप वाटतं.

युद्धानंतर १९५० साली नोझावात वर जायचा पहिला पाळणा लागला. तोपर्यंत घसरत खाली यायचं आणि मग तासभर चढून वर जायचं. पाळणे बसवले ते स्की क्लबनं, म्हणजे गावातल्याच लोकांनी. पुढं १९६३मध्ये व्यवस्था ग्रामपंचायतीकडे आली. याचा घरोघरी काय परिणाम झाला तो समजून घ्यायला हवा. बर्फाळ मुलखातला पुरुष पूर्वी हिवाळ्यात गावात राहतच नसे. तोक्यो-ओसाकाला बांधकामावर, कारखान्यात, मिळेल ती मजुरी करायला जाई. घरी म्हातारी, बायको, मुलं, आणि छपरावरचा बर्फ उतरवायचं काम त्यांच्याच अंगावर. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या घरांनी मुंबईच्या मनीऑर्डरीवर दिवस काढले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. स्कीचे पाहुणे येऊ लागले तशी शेतकऱ्यांनी घरातल्या दोन खोल्या त्यांच्यासाठी मोकळ्या केल्या. कोकणात आपण पाट्या वाचतो ना, 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय', अगदी तेच. बाई रांधते, नवरा पाळण्यावर किंवा स्की शिकवायच्या कामावर. हिवाळ्यात बाप घरी असणं ही त्या गावांतल्या मुलांच्या दृष्टीनं केवढी मोठी गोष्ट होती, याची नोंद पर्यटनाच्या इतिहासात कुणी फारशी करत नाही.

आता डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, बोकुशीच्या शेजारच्या युझावा गावाकडे जाऊ. या गावाचं नशीब एका बोगद्यानं बदललं. १९३१ साली शिमिझु बोगदा पुरा झाला, लांबी ९.७ किलोमीटर, त्या काळी जपानमधला सगळ्यांत लांब. तोक्योचं ऊन आणि एचिगोचा बर्फ यांच्यामधली भिंत फुटली. यासुनारी कावाबाता युझावाच्या एका सराईत येऊन राहत आणि लिहीत. त्यांची 'हिमप्रदेश' कादंबरी १९३५पासून तुकड्यातुकड्यानं निघत गेली, १९४८ साली पुरी झाली. १९६८मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कादंबरीची सुरुवात गाडी बोगद्यातून बाहेर पडते तिथूनच होते, आणि ती सुरुवात जपानमध्ये शाळकरी पोरांनाही पाठ असते. तोक्योचा एक सुखवस्तू पुरुष ऋतूमागून ऋतू या ओनसेनच्या गावी येतो, तिथल्या गीशेच्या आयुष्यात डोकावतो आणि परत जातो. तो जाऊ शकतो, ती जाऊ शकत नाही. कादंबरीच्या सौंदर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला तिच्यात पर्यटनाचा सगळा हिशेब मांडलेला दिसतो.

त्या पुरुषासारखीच पुढं सगळी तोक्यो युझावाला आली. १९८२ला झटपट रेल्वे सुरू झाली, १९८५ला द्रुतगती महामार्ग पुरा झाला. १९८७मध्ये सरकारनं विश्रामस्थळं उभारायला उत्तेजन देणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी तरुण पोरापोरींच्या स्कीच्या सहलीवरचा एक सिनेमा तुफान चालला. पैसा स्वस्त होता, जमिनीचे भाव रोज चढत होते. १९९०च्या डिसेंबरात तर युझावात असं एक स्टेशन उघडलं की, फलाटावरून बाहेर पडलं की थेट पाळण्यात बसायचं. आठ-दहा हजार वस्तीच्या या गावात दहा-दहा, पंधरा-पंधरा मजली इमारती उठल्या. हिवाळ्यातल्या चार शनिवार-रविवारांसाठी तोक्योकरांनी घेतलेले फ्लॅट, एकूण सुमारे १५ हजार. प्रत्येक इमारतीत खाली ओनसेनच्या पाण्याचं मोठं न्हाणीघर. लोक थट्टेनं गावाला 'तोक्यो शहर, युझावा पेठ' अशा अर्थाचं नाव देऊ लागले.

मग फुगा फुटला. स्की करणाऱ्यांची संख्या १९९३च्या सुमारास १ कोटी ८० लाखांच्या पुढे गेली होती. पुढच्या पंचवीस वर्षांत ती तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आली. देशभर शेकडो उतारांवरचे पाळणे थांबले, गंजले. युझावातले कोटी-दोन कोटी येनला घेतलेले काही फ्लॅट पुढं लाखभर येनला विकायला निघाले. लाखभर येन म्हणजे आपल्याकडे एखाद्या बऱ्याशा फ्रिजची किंमत. तरी गिऱ्हाईक नाही, कारण फ्लॅट घेतला की दर महिन्याची देखभालीची वर्गणी आणि कर मानगुटीवर बसतात. अलीकडे काही निवृत्त माणसं आणि घरून काम करणारे तिथं कायमचे राहायला आले आहेत, आणि त्या इमारतींत थोडे दिवे लागतात हेही खरं. पण गावाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या त्या इमारती गावानं मागितलेल्या नव्हत्या.

नोझावालाही झळ बसलीच. पाहुणे आटले, पाळण्यांचं कर्ज डोक्यावर आलं. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्की आणि नेमबाजी मिळून असलेला बायथलॉन या गावात झाला, पण त्यानं काही वर्षानुवर्षांचं पोट भरत नाही. २००५मध्ये ग्रामपंचायतीनं पाळण्यांची व्यवस्था एका कंपनीकडे सोपवली. फरक एवढाच की, ती कंपनी गावच्याच लोकांच्या पुढाकारानं उभी राहिली. बाहेरच्या बड्या कंपनीला डोंगर विकला गेला नाही. का नाही विकला गेला? कारण तो सहजासहजी विकता येण्यासारखाच नव्हता.

नोझावात 'नोझावागुमी' नावाची एक संस्था आहे. एदो काळापासून, म्हणजे निदान दीड-दोनशे वर्षं, ती चालत आली आहे. तिला मी गावकी म्हणेन, दुसरा शब्द मला सुचत नाही. कोकणात वाडीची गावकी असते, आमच्या मोहल्ल्यात जमात असते. कुणाच्या विहिरीचा गाळ कधी काढायचा, वाट कुणी दुरुस्त करायची हे जिथं ठरतं, तीच ही जागा. डोंगरावरचं जंगल, पाणी, गरम झऱ्यांचे उगम हे या गावकीच्या हाती. तिचा प्रमुख गाव निवडतो. सरकारी ग्रामपंचायत वेगळी, ही वेगळी. आजच्या काळात ही चमत्कारिक व्यवस्था वाटेल. तरुणांना तिचा जाच होत असेल, बाहेरून आलेल्या माणसाला तिच्यात शिरणं अवघड जात असेल, याविषयी मला शंका नाही. गावकी म्हटलं की सगळं गोड असतं असं समजण्याइतका मी भाबडा नाही. गावकीनं वाळीत टाकलेली माणसं आपणही पाहिलेली आहेत.

पण न्हाणीघरांचं काय होतं ते पाहा. गावात तेरा सार्वजनिक न्हाणीघरं आहेत. लाकडी, जुन्या घडणीची. प्रत्येक न्हाणीघर भोवतालच्या घरांच्या एका मंडळाकडे असतं. ही घरं पाळीपाळीनं ते धुतात, विजेचा नि दुरुस्तीचा खर्च वाटून घेतात. पाहुण्याला तिकीट नाही. दाराशी एक पेटी असते, वाटलं तर त्यात नाणं टाकावं. नोव्हेंबरात याच पाण्यात गावची माणसं नोझावाना नावाची पालेभाजी धुतात, मग ती मिठात घालून हिवाळाभर खातात. सलगमाच्या जातीची ही भाजी. गावातली गोष्ट अशी की, अठराव्या शतकात मठातल्या एका भिक्षूनं क्योतोहून सलगमाचं बी आणलं, पण या थंडीत कंद काही धरेना, पानंच वाढत गेली. लोकांनी पानं खायला सुरुवात केली. हॉटेलात ही भाजी ताटलीतून येते, आणि पाहुण्यांना वाटतं आपल्यासाठीच केली आहे.

दर १५ जानेवारीच्या रात्री गावात अग्नीचा उत्सव असतो. रानातून मोठमोठे ओंडके आणून गावातले पुरुष एक उंच लाकडी देऊळ रचतात. बेचाळीस वर्षांचे पुरुष त्याच्या माथ्यावर बसतात, पंचवीस वर्षांचे पायथ्याशी उभे राहतात, आणि उरलेलं गाव पेटत्या चुडी घेऊन देऊळ जाळायला धावून येतं. पंचवीस आणि बेचाळीस ही वयं पुरुषाला घातकी मानतात. जपानी भाषेत चार आणि दोन हे आकडे जोडून उच्चारले की 'मरणाकडे' असा ध्वनी निघतो. शब्दाच्या आवाजाला भिणारी माणसं फक्त कवींमध्येच असतात असं मला वाटे. तासा-दोन तासांच्या झुंजीनंतर देऊळ पेटतं. हल्ली हा सोहळा पाहायला हजारो परदेशी लोक येतात. पण देऊळ रचणारे, राखणारे आणि जाळणारे गावचेच असतात, आणि त्या वयात आलेला गावचा मुलगा तोक्योत नोकरीला असला तरी त्यासाठी घरी येतो.

परदेशी पाहुण्यांची लाट ही या इतिहासातली ताजी गोष्ट. २००० सालानंतर ऑस्ट्रेलियन लोकांना उत्तरेतल्या होक्काइदोमधलं निसेको सापडलं. त्याच परिसरातल्या योतेइ पर्वतावर १९१२ साली तो लेर्ख स्की बांधून चढला होता. निसेकोत परदेशी पैसा आला, आलिशान बंगले उठले, जमिनीचे भाव असे चढले की, हॉटेलात काम करणाऱ्यांना राहायला जागा मिळेना. २०२४ साली जपानमध्ये ३ कोटी ६८ लाख परदेशी प्रवासी आले. येन स्वस्त झाला होता, बर्फ मऊ होता, आणि युरोप-अमेरिकेच्या मानानं पाळण्याचं तिकीट कमी. नोझावातही आज रस्त्यावर इंग्रजी ऐकू येतं. म्हाताऱ्या झालेल्या, वारस नसलेल्या काही घरमालकांनी आपल्या सराया बाहेरच्यांना विकल्या आहेत. घर विकता येतं. मात्र झऱ्याचा उगम त्या घराबरोबर जात नाही.

आणि बर्फाचंही काही खरं राहिलेलं नाही. २०१९-२० च्या हिवाळ्यात जपानच्या पश्चिम अंगाला इतका कमी बर्फ पडला की, १९६१पासूनच्या नोंदींत तसा हिवाळा नव्हता. याउलट हाक्कोदाच्या सुकायु ओनसेनजवळ २०१३च्या फेब्रुवारीत ५६६ सेंटिमीटर, म्हणजे साडेअठरा फूट बर्फ साठलेला मोजला गेला. यामागताच्या झाओ ओनसेनवर आणखी वेगळं संकट आहे. तिथं वाऱ्यातले थंडगार थेंब देवदारासारख्या झाडांवर गोठून गोठून झाडांची पांढरी भुतं होतात, ती बघायला लोक येतात. २०१३पासून त्या झाडांना आधी अळीनं आणि मागून खोडकिड्यानं पोखरलं, माथ्याकडची झाडं मोठ्या संख्येनं वाळली. वनखात्याची माणसं आणि गावकरी आता खालच्या रानातली रोपं वर नेऊन लावत आहेत. ही झाडं फार सावकाश वाढतात. आज लावलेल्या रोपाचं भूत व्हायला पन्नास-सत्तर वर्षं तरी लागतील.

नोझावाच्या न्हाणीघरांत मात्र सध्या एक वेगळाच वाद रंगतो. पाणी फार कढत असतं. परदेशी पाहुणा पायाचा अंगठा बुडवतो, ओरडतो आणि थंड पाण्याचा नळ सोडून देतो. शेजारी डोळे मिटून बसलेले गावचे आजोबा एक डोळा उघडतात. त्यांना पाणी कढतच लागतं. एकानं नळ सोडायचा, दुसऱ्यानं उठून बंद करायचा, असं मुकाट्यानं चालतं. दारावर पाट्या लागल्या आहेत: आधी अंग धुऊन मगच पाण्यात उतरा, साबण पाण्यात नेऊ नका, गोंगाट करू नका. रात्री अकराच्या सुमारास दिवे मालवतात, पाहुणे आपापल्या गाद्यांवर जाऊन पडतात. मग ज्या घराची पाळी असेल त्या घरचं कुणीतरी हातात ब्रश घेऊन येतं, पाणी सोडून देतं आणि हौद घासायला बसतं.